उष्णतेच्या गोळ्या

नाकातून रक्त आलं की मान मागे टाकायची, हे आमच्या घरात परवच्यासारखं पाठ होतं. आई ओरडायची, "वर बघ, वर बघ की रे," आणि मी स्वयंपाकघराच्या कौलांकडे बघत बसायचो. रक्त बाहेर यायचं थांबायचं, कारण ते घशातून पोटात जायचं. तासाभराने काळी उलटी व्हायची. ती बघून आईला बरं वाटायचं. "पडली सगळी उष्णता," असं म्हणून ती फरशीवर पाणी ओतायची.

आमच्याकडे याला घोळणा फुटणं म्हणत. वडिलांचा फुटायचा, माझा फुटायचा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या बहिणीचा फुटायचा. कांदा फोडून हुंगवायचे, टाळूवर गार पाण्याची पट्टी ठेवायचे, ताकात सब्जाचं बी घालून द्यायचे. उशांचे अभ्रे सगळे मरून रंगाचे. टॉवेलही गडद. लोकांच्या घरी पांढरे अभ्रे असतात हे मी पहिल्यांदा कॉलेजात असताना मित्राच्या घरी बघितलं, आणि त्यावर डोकं ठेवायची मला भीती वाटली. शेजारच्या अक्का विचारायच्या, "पोराला काय झालं?" आई म्हणायची, "काही नाही, आमच्या घराण्यात उष्णता आहे." गोरा रंग किंवा घारे डोळे सांगावेत तसं सांगायची.

मी आज बावन्न वर्षांचा आहे. हुबळीत देशपांडे नगरात माझं औषधांचं दुकान आहे. वडिलांचं त्याच गाळ्यात किराणा दुकान होतं. ते अचानक गेले तेव्हा मी फार्मसीचा डिप्लोमा नुकताच संपवला होता. डाळ-तांदळाची पोती हलवून तिथे कपाटं लावली. आजूबाजूला दवाखाने पुष्कळ, त्यामुळे दुकान चाललं. राहायला केशवापूरला. लग्न केलं नाही. बहिणीचं लग्न व्हायचं होतं, आईला कोण बघणार, म्हणून याने स्वतःचं बघितलं नाही, असं लोक म्हणतात. मी कधी खोडून काढलं नाही. ते खरं नाही. लग्न केलं असतं तर बायकोला सांगावं लागलं असतं.

काय सांगावं लागलं असतं, ते लिहितो.

मी पंचवीस वर्षांचा असताना माझी अक्कलदाढ काढली. सकाळी काढली ती चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाहत होती. दंतवैद्याने कापूस बदलून बदलून शेवटी मला मोठ्या गावच्या इस्पितळात पाठवलं. तिथे अकरा दिवस होतो. एका डॉक्टरीणबाईंनी माझी सगळी हकिगत विचारली. लहानपणी नाक फुटायचं का? किती वेळ? वडिलांना? मी सांगत गेलो. बाईंना उष्णतेत काही रस नव्हता. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. शिरेला भोक पडलं की रक्तातले कण तिथे जाऊन बसतात आणि ते चिकटून राहावेत म्हणून रक्तात एक द्रव्य असतं, गवंड्याच्या चुन्यासारखं. ते आमच्यात कमी. जन्मापासून कमी, आणि आईबापांकडून आलेलं. आजाराला कुणा परदेशी डॉक्टरचं लांबलचक नाव होतं. निघताना त्यांनी टाइप केलेला रिपोर्ट हातात दिला आणि शेवटच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली.

"बहीण आहे म्हणालात ना? तिला घेऊन या. बाईमाणसाला याचा जास्त त्रास. पाळीत, बाळंतपणात."

"आणतो," म्हणालो.

परतीच्या बसमध्ये रिपोर्ट चार वेळा वाचला. घरी आईने विचारलं, "काय म्हणाले?" रिपोर्ट इंग्रजीत. आईला इंग्रजी येत नव्हतं. मी म्हणालो, "नाकातली शीर नाजूक आहे. जपायचं." आई म्हणाली, "उष्णताच की मग." मी म्हणालो, "हो. उष्णताच."

बहीण तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिची पत्रिका आईने आदल्याच महिन्यात बाहेर काढली होती.

आता लोक म्हणतील, तू शिकलेला, औषधवाला. मीही स्वतःला हेच म्हणतो. पण मला तेव्हा जे दिसत होतं ते असं होतं. आमची मराठी माणसं इकडे थोडी. धारवाडात चार घरं, बेळगावकडे दहा घरं, सगळी एकमेकांना ओळखणारी. एका घरी 'पोरीच्या रक्तात दोष आहे' असं गेलं की महिन्याभरात सगळीकडे जाणार. पत्रिकेत नाडी एक आली तरी लोक मोडतात, का तर म्हणे रक्त एक होतं. आणि मी टाइप केलेला रिपोर्ट दाखवू? लग्न झालं की सांगू, असं ठरवलं. ठरवलं म्हणजे रिपोर्ट दुकानाच्या लायसन्सच्या फाइलीत घातला. ती फाइल तपासनीस आला तरच उघडते.

बहिणीच्या गोळ्या त्याच्या थोड्या आधीच सुरू झाल्या होत्या की नंतर, ते आता नीट आठवत नाही. नंतरच असणार. आई एकदा दुकानात आली आणि गिऱ्हाईक नाही असं बघून खालच्या आवाजात म्हणाली, "तिला महिन्याला फार जातं रे. कॉलेजला जाता येत नाही. काही थंड असलं तर दे." आमच्याकडे भावाशी असलं बोलत नाहीत. आई औषधवाल्याशी बोलत होती. मला रक्त थांबवायची जी गोळी इस्पितळात दिली होती तीच मी काढली.

औषधाच्या दुकानात कात्री हातालाच बांधलेली असते. कुणी चार गोळ्या मागतो, कुणी सहा. स्ट्रिप कापायची, खाकी पाकिटात घालायची, पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या खुणा करायच्या. कापतानाही रीत असते, तारीख असलेलं टोक शेवटपर्यंत आपल्याकडे ठेवायचं. बहिणीच्या गोळ्यांसाठी मी वेगळी रीत काढली. प्रत्येक गोळी सुटी कापायची, चारही बाजूंनी घट्ट. कुठल्याच तुकड्यावर पूर्ण नाव उरत नाही. दोन अक्षरं इथे, तीन तिथे. उरलेल्या चांदीच्या कातरणी वेगळ्या गोळा करून टाकायच्या. पाकिटावर मी माझ्या अक्षरात लिहायचो, 'उष्णता'.

गोळ्यांनी तिला बरं वाटलं. "अण्णाच्या हाताला गुण आहे," असं ती सगळीकडे सांगायची. सत्तावीस वर्षं मी त्या गोळ्या अशा कापल्या, आधी पाळीसाठी, पुढे नाकासाठी.

मुलगा धारवाडचाच, सरकारी नोकरीत. बघायला आले तेव्हा त्याच्या आईने सगळं विचारलं. उभं राहून दाखव, दूरचं वाच, हे गा, ते सांग. शेवटी म्हणाल्या, "दुखणं-बिखणं काही?"

आईने माझ्याकडे बघितलं. औषधवाला मी. मी म्हणालो, "काही नाही. उन्हाळ्यात नाक फुटतं कधी. उष्णता."

"फुटणार नाही तर काय," त्या हसल्या, "तुम्ही हुबळीकर लोक बेडगी मिरची पाण्यासारखी पिता. आमच्याकडे आली की होईल थंड."

सगळे हसले. बहीण खाली मान घालून हसली. मीही हसलो. मी खोटं बोललो नव्हतो, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं, आणि पुढेही पुष्कळ दिवस.

लग्न झालं की सांगायचं होतं. लग्न झालं. मग म्हटलं, आताच कशाला, रुळू दे. मग सहा वर्षं मूल नव्हतं आणि त्यावरूनच तिला बोल लागत होते, त्यात ही भर कशाला. मग दिवस गेले. दिवस गेल्यावर गोळ्या बंद कर म्हणून मी फोन केला. का, असं तिने विचारलं नाही. मी सांगितलं म्हणजे बंद.

बाळंतपण चांगलं झालं. मुलगी झाली. वाटलं, सुटलो. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं ते मी विसरलो नव्हतो. पोटात मूल असताना ते द्रव्य वाढतं आणि बाळंतपणानंतर हळूहळू उतरतं. पण विसरल्यासारखं केलं. आठव्या दिवशी दुपारी तिला रक्त जायला लागलं. नर्सिंग होमला नेईपर्यंत रिक्षाची सीट भिजली होती.

आतून डॉक्टर बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचा गट तिचाच आहे ना? चला, आधी तुमचं घेऊ."

हाच तो क्षण. बाकी सगळं मी चुकत चुकत केलं, हे मात्र उभं राहून, समोर बघत केलं. माझ्या रक्तातही तीच उणीव. मी देऊ नये, हे मला माहीत होतं. का देऊ नये हे एका वाक्यात सांगितलं असतं तर आतल्या बाईंना कळलं असतं की हे साधं बाळंतपणाचं जाणं नाही, याला वेगळं औषध लागतं. पण माझ्या डाव्या हाताला बहिणीच्या सासूबाई उभ्या होत्या. उजव्या हाताला तिचा नवरा. दार अर्धं उघडं होतं आणि आतून स्ट्रेचरवरून ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "मला चक्कर येते. रक्त बघवत नाही."

नवऱ्याच्या ऑफिसातले तिघे धावत आले, त्यांनी दिलं. रक्त थांबेना. रात्र पडायच्या आत गर्भपिशवी काढली. ती वाचली.

तेव्हापासून सासूबाई दर दिवाळीला, मी भाऊबीजेच्या पाटावर बसलो की, म्हणायच्या, "ओवाळून घ्यायला येतो बघ वेळेवर. बहीण मरत होती तेव्हा बाटलीभर रक्त निघालं नाही." हसत म्हणायच्या, पण म्हणायच्या. बहीण ताम्हन हातात धरून उत्तर द्यायची, "असू द्या हो अत्ती. अण्णाला लहानपणापासून रक्त बघवत नाही." सासूला ती कानडी वळणाने अत्तीच म्हणायची. मी सुपारी उचलून खिशात घालायचो.

मला काही वाटत नव्हतं का? लिहायला बसलो तेव्हा हे स्वतःला विचारलं. दाढ काढताना इंजेक्शन देतात, ओठ जाडा होतो, चावला तरी कळत नाही, तसं काहीतरी. रक्त दिसतं, दुखत नाही.

भाची वर्षाची झाली तेव्हा कान टोचायचे ठरले. मामाच्या मांडीवर बसवतात. सोनार आला, त्याने दोन्ही कानांना तार घातली, पोर रडली, सगळ्यांना पेढे वाटले. उजवा कान संध्याकाळपर्यंत पाझरत होता. मी तिला मांडीवरून उतरवलं नाही. कापूस दाबून बसलो. नवीन शर्टाचा खांदा लाल झाला. "मामाचा जीव बघा," बायका म्हणाल्या. "सोनाराचा हात जड," मी म्हणालो.

पाचव्या वर्षी तिचं नाक फुटायला लागलं. मान मागे टाकू नये, पुढे वाकावं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून घड्याळात दहा मिनिटं सोडू नये, तोंडाने श्वास घ्यावा, हे मला आता माहीत होतं. मी तिला ते खेळासारखं शिकवलं. मामाची चिमूट, असं आम्ही त्याला म्हणायचो. ती माझ्यापुढे वाकून उभी राहायची आणि चेपलेल्या आवाजात विचारायची, "किती झाली मामा?" मी म्हणायचो, "तीन." "अजून तीनच?" नाकात लावायला मलम द्यायचो. ताप आला तर कुठली गोळी चालेल, कुठली चुकूनही द्यायची नाही, हे बहिणीला बजावून सांगायचो. ती म्हणायची, "तू अर्धा डॉक्टरच आहेस रे." अर्धंच सांगत होतो मी सगळं. ते अर्धं चांगलं होतं म्हणून उरलेलं झाकून गेलं.

आता भाची एकोणीस वर्षांची आहे, इंजिनिअरिंगला. मागच्या उन्हाळ्यात प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तिचं नाक फुटलं आणि चाळीस मिनिटं थांबलं नाही. उत्तरपत्रिका खराब झाली. मग बहिणीने मला न विचारता तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दुर्बीण घालून बघितलं. नाकाचं हाड वाकडं आहे, ते सरळ करू, शीरही जाळून टाकू, म्हणाले.

सोमवारी सकाळी बहीण ऑपरेशनच्या आधीच्या औषधांची चिठ्ठी घेऊन दुकानात आली. खुशीत होती.

"गुरुवारी ठरलं अण्णा. एकदाचं सुटेल पोर. रक्ताच्या तपासण्या सगळ्या नॉर्मल आल्या."

"कुठल्या केल्या?"

"त्या नेहमीच्या, बीटी-सीटी का काय ते. तुलाच माहीत. फॉर्म भरताना डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला रक्त न थांबायचा त्रास? मी म्हटलं, नम्म मन्याग यारिगू इल्री. आमच्या घरात कुणालाच नाही. उष्णता तेवढी आहे म्हटलं. ते हसले. म्हणाले, मावशी, उष्णतेला कॉलम नाही."

तीही हसली. मी चिठ्ठीतली औषधं काढत होतो. नेहमीच्या तपासण्यांत हा आजार सापडत नाही, हे मला तोंडपाठ होतं. माझ्याही सापडला नव्हता. मी औषधं पाकिटात घातली आणि म्हणालो, "सकाळी उपाशीपोटी न्या."

ती गेली.

मंगळवारी मी दुकान नेहमीसारखं चालवलं. दुपारी माझं स्वतःचं नाक फुटलं. काउंटरखाली वाकून चिमटीत धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. बाहेर एक बाई हाक मारून निघून गेली. सतरा मिनिटं लागली. नाकावर सुरी चालवतात तेव्हा किती मिनिटं लागतील, असा हिशेब मनात आला. हिशेब म्हणूनच आला, भीती म्हणून नाही. बुधवारी सकाळी लायसन्सची फाइल उघडली. रिपोर्ट घडीवर फाटायला आला होता.

बहिणीचं घर उणकलला, तळ्याच्या मागे नवी वसाहत झाली आहे तिथे. भाची कॉलेजला शेवटचे दोन तास करायला गेली होती, नवरा ऑफिसला, सासूबाई आतल्या खोलीत पडून होत्या. बहीण नर्सिंग होमची पिशवी भरत होती. थर्मास, वाटी-चमचा, दोन टॉवेल. दोन्ही मरून.

"आज दुकान बंद? ये, चहा टाकते."

"चहा नको. बस जरा."

मी रिपोर्ट पुढे केला. तिने हात पुसून घेतला.

"हे काय?"

"माझा रिपोर्ट."

तिचा चेहरा एकदम उतरला. "तुला काय झालं? अण्णा, मला सांग. काय निघालं?"

ती माझ्यासाठी घाबरली होती. मी याची तयारी केली नव्हती. "झालं काही नाही. आहे. लहानपणापासून आहे. तुलाही असणार. पोरीलाही."

तिने कागद खिडकीजवळ नेला. तिला इंग्रजी वाचता येतं, पण बोट फिरवत सावकाश. मी काही मदत केली नाही. शेवटच्या ओळीवर, पेनाच्या रेघेवर बोट थांबलं. सख्ख्या भावंडांची तपासणी करून घ्यावी, असं तिथे लिहिलं आहे. मग बोट वर गेलं, तारखेवर.

"तेव्हा माझं लग्न ठरलं नव्हतं."

"नव्हतं."

"आईला माहीत होतं?"

"नाही. मीच सांगितलं नाही."

ती बसली. पिशवीतला एक टॉवेल काढला, परत घडी घातली.

"आणि गोळ्या? त्या कसल्या होत्या?"

"रक्त थांबायच्या."

"उष्णतेच्या नव्हत्या."

"उष्णतेची गोळी नसते."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलंय गं?" बहीण म्हणाली, "कोणी नाही."

मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "नर्सिंग होममध्ये तू दारात होतास. मी तुला बघत होते. मला वाटत होतं, अण्णा आहे ना. औषधातलं कळतं त्याला."

"होतो."

"तेव्हा बोलला असतास तर?"

माझ्याकडे याचं उत्तर कितीतरी वर्षं तयार होतं. नक्की काही सांगता येत नाही, त्या काळी ते औषध हुबळीत मिळालंही नसतं, वगैरे. ते खरंही आहे. मी म्हणालो, "कदाचित पिशवी वाचली असती."

ती रडेल असं वाटलं होतं. शिव्या देईल. ती उठली, रिपोर्ट पर्समध्ये घातला आणि म्हणाली, "चप्पल घाल. डॉक्टर एकपर्यंत असतात."

रिक्षात ती माझ्या शेजारी बसली, पण मधे पर्स ठेवून. रस्ताभर एकच बोलली. "तुझ्या तोंडाने सांगायचं. मी सांगणार नाही."

डॉक्टरांच्या खोलीत आधीचा एक पेशंट होता, तो बाहेर पडला. बहिणीने रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि बाजूला झाली. डॉक्टरांनी वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. कानडीत विचारलं, "इद यारद?" हा कुणाचा?

सत्तावीस वर्षांत हे वाक्य मी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. "नंद," म्हणालो. माझा. मग मराठीत का कोण जाणे परत म्हणालो, "माझा आहे. हिचा मी सख्खा भाऊ. भाचीला जन्मापासून लक्षणं आहेत. हिलाही. बाळंतपणात हिची पिशवी काढावी लागली." डॉक्टरांना मराठी कळत होतं की नाही, माहीत नाही. त्यांनी फोन उचलला आणि उद्याचं ऑपरेशन रद्द केलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं. मग मोठ्या इस्पितळातल्या रक्ताच्या डॉक्टरांच्या नावाने पत्र लिहिलं, आईचं आणि मुलीचं, दोघींचं. बहिणीने आधी भरलेला फॉर्म काढून त्यातल्या 'नाही'वर काट मारली.

"आज तरी सांगितलंत, बरं झालं," ते म्हणाले.

बहीण भिंतीवरच्या नाकाच्या चित्राकडे बघत होती.

पुढचं थोडकंच आहे. दोघींच्या तपासण्या झाल्या. दोघींना आहे. भाचीच्या नाकाला सध्या सुरी लावायची गरज नाही म्हणाले, मलम, गोळ्या आणि वेळ आलीच तर आधी इंजेक्शन देऊन मग. तिच्या गळ्यात आता आजाराचं नाव लिहिलेलं कार्ड असतं, कॉलेजच्या ओळखपत्राच्या मागे. ती एकदा एकटीच दुकानात आली होती. बराच वेळ काउंटरवरचा वजनकाटा चाळवत उभी राहिली. मग म्हणाली, "मामा, तुझं फुटतं तेव्हा चिमूट कोण धरतं?"

"मीच धरतो."

"आणि मिनिटं कोण मोजतं?"

मी घड्याळाकडे बोट केलं. तिने मान हलवली आणि गेली. आईने पाठवलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

बहिणीने घरात सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनाही, त्यांच्या खाटेजवळ बसून. भावाने रक्त दिलं नाही ते भीतीने नाही, त्याचं रक्तच तसं होतं, एवढं सांगितलं. बाकीचं सांगितलं की नाही, मला कळायला मार्ग नाही. सासूबाई आता मला काही म्हणत नाहीत. फोनवर दोनदा बोलणं झालं तेव्हा "जेवलास का" म्हणाल्या. ते टोमणे मला आवडत होते असं नाही, पण त्यांत माझा वाटा होता आणि मी तो दरवर्षी घेत होतो.

परवा सकाळी अकराच्या सुमारास बहीण दुकानात आली. रांगेत तीन माणसं होती, ती त्यांच्या मागे उभी राहिली. पूर्वी ती रांगेत उभी राहत नसे, फळी उचलून सरळ आत यायची आणि स्टुलावर बसायची. तिची पाळी आली. तिने डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर ठेवली. मी स्ट्रिप काढली आणि डाव्या हाताने कात्री उचलली. ती माझी सवय. चिठ्ठी न बघता उचलली.

"इडी स्ट्रिप कोड्री," ती म्हणाली. "कट माडब्याड्री."

अख्खी द्या, कापू नका. जन्मात आम्ही दोघं एकमेकांशी कानडी बोललो नव्हतो. कानडी घराबाहेरची, बाजाराची. त्यात ते री, परक्याला लावायचं.

मी अख्खी स्ट्रिप पुढे केली. ती तिने उजेडात धरली आणि नाव वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, ओठ हलवत. मग उलटून मागची तारीख वाचली. पाकीट नको म्हणाली. पर्समध्ये ठेवली आणि पायऱ्या उतरून गेली.

तिच्या मागच्या माणसाने चार गोळ्या मागितल्या. मी कापून दिल्या.